भिरंडाच्या सरबताचं गाऱ्हाणं

आमच्या घरच्या भिरंडाच्या सरबताचा मार्केटिंग मॅनेजर मी होतो. ही नेमणूक मी स्वतःच केली होती, दुपारी जेवून आडवा झालो असताना.

सरबत अर्थात सुलभा करायची, म्हणजे माझी बायको. (भिरंड म्हणजे कोकम, पण पेडण्यात कोणी कोकम म्हटलं की पाहुणा आलाय हे ओळखावं.) पिकलेली भिरंडं फोडून, त्यांत साखर भरून ती काचेच्या बरण्यांत घालायची आणि बरण्या अंगणात उन्हाला ठेवायची. दुपारचं ऊन बरण्यांतून आरपार जाई आणि ओसरीची पांढरी भिंत हळूहळू लाल होई. मी खुर्चीत पडून त्या भिंतीकडे बघत राही. काजूचा वास, कुठेतरी लांब कोकीळ, आणि डोळ्यांसमोर आमच्या बाटल्यांनी भरलेले टेंपो पेडण्याहून सुटलेत ते थेट वास्कोच्या बंदरात! बाटल्या बोटीवर चढताहेत! खलाशी सरबत पिताहेत! तेवढ्यात सुलभाची हाक यायची, "अहो, बरणेर मुंगयो चढतत, जरा बघशात?"

मुंग्या सोडल्या तर सरबताला गिऱ्हाईक नव्हतं. एका दुपारी सुलभा माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली.

"पावसाच्या आदी ह्यो बाटल्यो खपल्यो तर खपल्यो. नाय तर फुडल्या वर्सा मी भिरंडाक हात लावचंय नाय."

हे ती रागावून म्हणाली असती तर मी कूस बदलली असती. पण ती अगदी हळू म्हणाली. उन्हात रापलेले तिचे हात बघून मला खरंच वाईट वाटलं, आणि मी खुर्चीतून उठलो. (आमच्या घरात हा प्रसंग विरळाच!)

आधी पाटी केली. आमचं कुंपण म्हापशाच्या रस्त्याला लागून. तिथे नुसतं 'सरबत मिळेल' लिहायचं तर मॅनेजर हवा कशाला? मी लिहिलं, 'तांबूस संध्याकाळ ओठांना लावा.' मोटरसायकलवाले थांबत, वाचत, डोकं खाजवत आणि विचारत, "दादा, दारू आतमदी मेळता काय?"

मग फुकट चाखण्याचा कार्यक्रम ठेवला. लाटंबार्शाहून माझा मेहुणा सहकुटुंब आला. बरणीचा तळ दिसेपर्यंत त्यानं चाखलं, "बरां आसा, भावोजी!" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

उरला देव.

आमच्याकडे अडल्यानडल्याचं गाऱ्हाणं देवासमोर दुसऱ्यानं घालायचं असतं. गावचे मानकरी बाबलोकाका ते खड्या आवाजात घालतात आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देतात. मी काकांना गाठलं.

"सगळां सांग," काका म्हणाले. "देवाकडे लपवचां नसता."

मी सगळं सांगितलं. दिवसही हेरून निवडला, देवळाच्या वर्धापनाचा! सगळा गाव हजर, सासरवाडची माणसं हजर, वर झाडाला बांधलेला भोंगा. सुलभाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला चकित करायचं होतं. ती चकित झाली.

"बा देवा म्हाराजा!" काकांनी माईकसमोर नारळ धरला.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या तुज्या लेकराच्या घरात भिरंडाच्या सरबताचो धंदो घातलो आसा. पण म्हाराजा, ता सरबत कोण म्हंजे कोण घेणा नाय!"

"व्हय म्हाराजा!" (इतकं एकमुखानं गावात याआधी काहीच ठरलं नव्हतं.)

"खंय मीठ जास्त पडला आसात, खंय साखर कमी पडली आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"बाटलेक बूच घट बसना नाय, पिशयेत सांडता..."

"व्हय म्हाराजा!" हे पोस्टातल्या बाई जरा जास्तच जोरात म्हणाल्या. नमुन्याला दिलेली बाटली पिशवीत सांडून त्यांची एक साडी गेली होती.

"सोयरे फुकट पिऊन गेले, ते परत तोंड दाखयनत नाय..."

"व्हय म्हाराजा," माझा मेहुणा मान खाली घालून पुटपुटला. सुलभा माझ्याकडे बघत होती. मी भोंग्याकडे बघत होतो. तो आवाज शेतांवरून, काजूच्या बागांवरून तरंगत पार डोंगरापलीकडे चालला होता, आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं, पोच काय आहे पण!

"चूकभूल झाली आसात ती पदरात घे. आणि आज हंय जमलेल्या परत्येकाक एकेक बाटली घेवची बुद्दी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सवयीनं म्हणून गेले सगळे! मग एकमेकांकडे बघू लागले. देवासमोर होकार दिला होता, आणि आता तो परत घ्यायची कोणाचीच छाती नव्हती.

घरी येईपर्यंत सुलभा माझ्या दहा पावलं पुढे चालली. घरी आल्यावर मागे वळली. "माज्या हाताची चव तुमी भोंग्यार घातलास?" ती आत जाऊन रडली, आणि मी ओसरीवर स्वतःला शिव्या देत बसलो.

सकाळी फाटकाशी रांग. "दी गे एक. देवाक व्हय म्हणान बसलंय," म्हणत प्रत्येकजण कडू औषध न्यावं तशी बाटली नेत होता. पण संध्याकाळी पोस्टातल्या बाई परत आल्या.

"सुलभा, मीठ जास्त खंय आसा गे? आमच्या पोरांनी बाटली संपयली. आनीक आसा?"

सुलभा हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा खुर्चीत जाऊन पडलो. पावसाआधी बाटल्या संपल्या. शेवटची बाटली गेली त्या दिवशी ती म्हणाली, "देवाक नारळ ठेवया. ह्या वेळी गाऱ्हाणां मी सांगतलंय काकांक."

देवळात गारवा होता. समईचा उजेड, अबोलीच्या वेण्या, काकांचा लयीतला आवाज. माझे डोळे आपोआप मिटले. टेंपो निघाले, बंदर दिसू लागलं, खलाशांनी हात हलवले...

"...आणि म्हाराजा, ह्या धंद्याच्या मार्केटिंगात सुलभाच्या घोवान आयुष्यात परत हात घालू नये!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.