बारा पेरं

"मावशी, दोन्ही हातांत कप धरा. आता सांगा, सात डझन आणि वर नऊ. एकूण टॉवेल किती?"

मालकाच्या मुलाने चहाने भरलेले कप माझ्या हातात दिले. समोर बाहेरगावचे व्यापारी बसलेले. मी टॉवेलांच्या घड्या घालणारी बाई. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, मागांच्या खडखडाटात. शाळा पाहिलीच नाही. अंगठा पेरांवर फिरवत मोजते. चार बोटं, बारा पेरं, झाला डझन. मग डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. मंद्रूपच्या बाजारात आई अशीच लिंबं मोजायची.

हे त्याने पाहिलं होतं. त्याला माझ्या मोजण्याचा खेळ करायचा होता.

मी आकडे डोक्यात धरू पाहिले. अंगठा आपसूक हलला. कप कलला. गरम चहा मनगटावर, तिथून पांढऱ्या घडीवर.

"बघा, बोटं बंद की मेंदू बंद!"

सगळे हसले. पोळलेल्या हाताने ते टॉवेल मीच धुतले.

मग पाहुणा आला की कप यायचेच. सोडून जावं तर आजूबाजूचे कारखाने त्याच्याच भावकीचे. घरात कमावणारी मी एकटी. मी हात पदराखाली लपवून मोजू लागले. तिथं पेर चुकायचं, गठ्ठ्यात टॉवेल कमी भरायचा, बोलणी खायची. बोटं दिसली तर हसू, लपवली तर चूक. जीव नुसता कोंडला होता. लई संताप यायचा. तो गिळायचा आणि पुढची घडी घालायची.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाहुणे. पुन्हा कप.

"धरा की, मावशी."

मी हात मागे घेतले. "न्हाय धरणार. कप ठेवाय टेबल हाय. माजे हात कामाचे हायत."

तो लालबुंद झाला. "उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या. आजचा गठ्ठा माजा हाय."

ढिगापुढे बसले. पदर खोचला. सगळ्यांदेखत, बोटांवर, मोठ्याने मोजलं. शेवटच्या टॉवेलापर्यंत थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने फाटक उघडलं नाही.

आता काम शोधते आहे. माझं नाव त्याच्या भावकीत आधीच पोचलंय. पोचू दे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? पण जिथं जाईन तिथं पहिल्याच दिवशी सांगणार, मी बोटांवर मोजते. ठेवायचं तर ठेवा. आणि हसलात, तर हसणारी तोंडंही याच पेरांवर मोजून ठेवीन.