हंडा माळ्यावर गेला तेव्हा

आमचे हे कारखान्यात तपासणी खात्यात होते. उभा जन्म दुसऱ्याने बनवलेल्या मालातली खोट शोधण्यात गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर ती नजर माझ्या स्वयंपाकघराकडे वळली. गॅस इतक्या लवकर कसा संपला, दूधवाला पाणी घालतो हे मला कसं कळत नाही. मी कावून गेले होते. म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या दुकानातून त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली, तेव्हा मी खर्चाबद्दल चकार शब्द काढला नाही. समुद्र जबलपूरपासून कुठल्या कुठे, पण तपासणी तरी माझ्या डब्यांवरून उठली.

टाकीत दोन नारिंगी मासे, एक लाल-पांढरी कोळंबी आणि दगडावर मऊ प्रवाळाचा झुबका होता. त्याची बोटं पाण्यात सारखी मिटत-उघडत. हे सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसत. ते मेलं असतं तर हे पुन्हा माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले असते, ह्यात मला शंका नव्हती.

मग दगडांवर हिरवं शेवाळ चढलं. ह्यांचा पहिला संशय नळावर गेला, कारण टाकीतलं पाणी उडून कमी झालं की हे नळाचंच घालत. दुकानदारही म्हणाला, "नल का पानी बंद करो, भैयाजी." झालं, घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र लागलं. आम्ही जन्मभर प्यायलेलं नर्मदेचं पाणी माशांना चालत नव्हतं म्हणे.

यंत्रातून पाणी बारीक धारेने येई, साठवायला भांडं हवं. मी अमरावतीहून, माहेरून आलेला तांब्याचा हंडा काढला. एवढं शुद्ध केलेलं पाणी प्लास्टिकच्या बादलीत ठेवायचं माझ्या जिवावर आलं. रोज चिंच-मीठ लावून हंडा लख्ख घासायची आणि मगच भरायला लावायची.

शेवाळ हटलं. पण कोळंबी मेली आणि प्रवाळाची बोटं आखडून गेली. मासे मात्र ठणठणीत. ह्यांच्या संशयाला ऊत आला. यंत्र बसवणाऱ्याने आत जुना माल घातला, दुकानदाराने भेसळीचं मीठ दिलं, कामवाली फिनाइलचा हात टाकीत घालते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तं काही टाकत नाहीस नं?"

"मी कशाले टाकू?" मी तोडून बोलले. त्या दिवशी आमचं बोलणं जेवणापुरतंच झालं.

एक दिवस हे दुकानातून आले ते पांढरा प्लास्टिकचा कॅन घेऊन. "हंडा जड आहे. तुझी कंबर दुखून राहिली नं," म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर चढून हंडा माळ्यावर ठेवला. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. माझी कंबर लग्नापासून दुखते आहे, ती ह्यांना आजच कशी दिसली? नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. हंडा मोडीत विकायचा बेत असणार. हे बाहेर पडले की मी स्टुलावर चढून बघे. हंडा तिथेच, ह्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. यंत्रवाल्याला शिव्या देणंही एकाएकी थांबलं होतं. ते तर मला त्याहून संशयास्पद वाटलं.

टाकीतलं पाणी ह्यांनी पुन्हा पुन्हा बदललं, आणि प्रवाळ हळूहळू उघडू लागलं.

पुढे एकदा हे कुंडमला लग्नाला गेले होते आणि माशांचं खाणं संपलं, म्हणून दुकानात मी गेले. दुकानदार पुडी देता देता म्हणाला, "भाभीजी, अब तो पानी तांबे में नहीं रखते न? मछली झेल लेती है, पर झींगा और कोरल के लिए तांबा ज़हर है. भैयाजी को तभी समझाया था."

संध्याकाळी हे परतले आणि नेहमीसारखे टाकीसमोर बसले. मी विचारलं, "अहो, कोळंबी माझ्या हंड्यानं मेली. मले सांगितलं काहून नाही?"

ह्यांनी टाकीवरची नजर काढली नाही. "रोज चिंच लावून घासत होतीस तू तो. काय सांगू तुले?"

मला रडू आलं, आणि रागही आला. साऱ्या जगाला दोषी धरणारा हा माणूस, खरा दोषी घरातच सापडल्यावर एकदाच गप्प बसला होता. एकदाच, असं आपलं मी म्हणते. इतक्या वर्षांत ह्यांनी आणखी काय काय असं गुंडाळून माळ्यावर ठेवलं असेल, हा संशय काही आता माझी पाठ सोडत नाही.