दरवाजा लागल्याशिवाय नाही

पहाटे साडेचारला धम्मशीलाच्या घरातला दिवा लागायचा. आधी पाणी, मग भाकरी, मग कपडे. कपडे तिलाच धुवावे लागत, कारण तिच्या आईला पिळता येत नव्हते. आई जनकाबाई पूर्वी कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होती. तिथल्या रोलरने उजव्या हाताची बोटं नेली, अंगठा तेवढा ठेवला. त्या रोलरला झाकण होतं. कापूस लवकर जावा म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

मी त्यांच्याच गावचा, वडनेर भोलजीचा. मलकापूरला पंजाबरावांच्या वर्कशॉपमध्ये मी लोखंड कातायच्या मशीनवर, हाताच्या लेथवर होतो आणि धम्मशीला कॉम्प्युटरच्या लेथवर. एकाच काळीपिवळी जीपने जायचो. गाडीत ती बोलत नसे, झोपतही नसे. मला ते आवडायचं. कामाला जाणाऱ्या माणसाने जागं असावं.

लोक म्हणतात, बटण दाबायला काय कष्ट? असं म्हणणाऱ्याने एक पाळी तिच्या जागी उभं राहावं. पंपाचे शाफ्ट बनवायचो आम्ही. कच्चा दांडा उचलून चकात, म्हणजे मशीनच्या पंजात, सरळ बसवायचा. चकाची चावी लगेच काढून खुंटीला. नवा प्रोग्राम घातला की पहिला फेरा हवेत, माल न लावता, एकेक ओळ चालवून, बोट लाल बटणावर. केस टोपीत, हातात बांगडी नाही, ओढणी घरी. चालत्या मशीनवर हातमोजाही नाही, कारण मोजा अडकला की तो बोट सोडत नाही. लोखंडाचा कीस आकड्याने काढायचा, तोही चक पुरता थांबल्यावर. हे सगळं तिने कधी एकदाही चुकवलं नाही. न चुकवणं हेच कष्टाचं असतं.

आणि दरवाजा. या मशीनला काचेचा सरकता दरवाजा असतो. त्याला एक लोखंडी जीभ असते. दरवाजा लागला की जीभ बाजूच्या स्विचमध्ये शिरते आणि मगच मशीन फिरायला तयार होते. धम्मशीला रोज सकाळी आल्याबरोबर दरवाजा मुद्दाम उघडा ठेवायची, स्वतः बाजूला उभी राहायची आणि चक हळू फिरवायचं बटण दाबायची. मशीनने नाही म्हणायला पाहिजे. लाल दिवा लागला की ती आत वाकून सगळं बघायची, दरवाजा लावायची आणि कामाला लागायची.

मशीन लावून देणारा गोकुळ तिला चिडवायचा.

"काऊन वं, रोज रोज काय इचारतं तिले? काल नाई म्हणली, आज बी नाईच म्हणीन."

"लग्नाचं थोडीच हाये दादा, एकदा इचारलं अन् झालं."

सगळं शेड हसायचं, गोकुळही.

पंजाबराव मात्र हसत नसत. माणूस वाईट नव्हता. शेती विकून वर्कशॉप उभं केलेलं, डोळे कायम बाहेर जाणाऱ्या मालावर. या तपासणीत माल मागे पडतो असं त्यांचं म्हणणं. "तुले जमत नसन तर घासकामाच्या टेबलावर जाय," असं ते तिला अधूनमधून ऐकवत. टेबलावर कानस मारायची आणि पगार मजुराचा घ्यायचा. धम्मशीला आईसाठी कपडे धुवायची मशीन घेणार होती. त्यासाठी पगारातून बाजूला टाकत होती. टेबलावर गेली असती तर तो विषय संपला असता. हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिने मशीन आतबाहेर पुसून चकचकीत केली. पूजेला ती नसायची. त्या दिवशी पांढरी साडी नेसून ती आईला घेऊन विहारात जायची. सगळ्यांना माहीत होतं. कोणी काही म्हणत नसे.

पूजेला पंजाबरावांच्या आई गीताबाई आल्या. त्यांनी चकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, दरवाजावर झेंडूचा हार चढवला. मग म्हणाल्या, "आता फिरवून दाखवा बापा. फिरली नाई तं पूजा पावली कसं समजाव?"

हार खाली लोंबत होता, दरवाजा लावला तर तुटणार. गोकुळने दरवाजाची जीभ स्क्रू काढून सोडवली आणि हाताने स्विचमध्ये खुपसली. मशीनला वाटलं दरवाजा लागला. चक सावकाश फिरला, गीताबाईंनी हात जोडले, सगळे जेवायला गेले. जीभ स्विचमध्येच राहिली. स्क्रू गोकुळने आरतीच्या ताटात ठेवले होते. ताट गीताबाईंबरोबर घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेटवर टेम्पो उभा. उरलेले शाफ्ट काढून भरायचे होते. धम्मशीला आली. उघडा दरवाजा ठेवला, बाजूला झाली, बटण दाबलं.

चक फिरला.

तिने लाल बटण दाबलं आणि गोकुळकडे पाहिलं. "दादा, जीभ कुठी हाये?"

गोकुळने कपाळावर हात मारला. "अरे बापा. स्विचमधीच राह्यली. स्क्रू मावशीच्या ताटात गेले."

तेवढ्यात पंजाबराव आले. कडक इस्त्रीचे नवे पांढरे कपडे, दसऱ्याचेच. "काऊन थांबली मशीन?"

"जीभ बसवाची हाये भाऊ."

"टेम्पो उभा हाये न. आजचा दिवस चालू दे तशीच. दरवाजा बी उघडाच ठेव, लावण्या-काढण्यात वेळ जाते. हत्यारावरचं तेलपाणी कमी सोड म्हंजे उडत नाई."

"नाई भाऊ."

"नाई म्हंजे?"

"जीभ बसल्याबिगर मी नाई चालवत."

"मंग टेबलावर जाय. गोकुळ चालवीन. अन् उद्यापासून तिकडंच बस."

मी माझा लेथ बंद केला. धम्मशीलाने चष्मा वर सारला, खुंटीवरची चकाची चावी गोकुळच्या हातात दिली आणि टेबलाकडे निघाली. आवाज नाही, तोंड वाकडं नाही. टेबलावरची कानस उचलली आणि तिथून वळून पाहिलं. पंजाबराव उघड्या दरवाजासमोर, कमरेवर हात ठेवून उभे.

"भाऊ, समोर नका उभे राहू. बाजूले या."

"आता मले उभं राहाले शिकवतं का?"

"तेलपाणी उडते भाऊ. पांढरे कपडे हायेत."

कपड्यांचं ऐकल्यावर ते सरकले. फार नाही, गोकुळच्या मागे जाण्याइतके.

गोकुळने दांडा बांधला, फेरा सुरू केला. चकाने वेग घेतला. हत्यारांची चकती पुढचं हत्यार घ्यायला झटक्याने वळली आणि तिच्या मागून काहीतरी पांढरं फिरत्या चकावर पडलं. खट्ट असा आवाज झाला. आणि पलीकडे तिवईवरचा पाण्याचा माठ फुटला. पंजाबराव जिथे उभे होते तिथून सरळ रेषेत.

गोकुळने लाल बटणावर अक्षरशः मूठ मारली. चक थांबला. माठाचं पाणी लादीवरून वाहत आमच्या पायांपर्यंत आलं. त्यात खोबऱ्याचे तुकडे.

पंजाबरावांनी माठाकडे पाहिलं, मग दरवाजाकडे, मग स्वतःच्या आधीच्या जागेकडे. मग म्हणाले, "खोबऱ्याची वाटी आत कोणं ठेवली बे?"

"मावशीनं असन," गोकुळ हळूच म्हणाला. "तुमच्या आईनं. निवद म्हणून."

झाडणाऱ्या झुंबरबाई तोवर खराटा घेऊन आल्याच होत्या. "सरका सरका, पाय नका देऊ कोणी. परसाद हाये तो."

आधी टेम्पोवाला हसला. मग सगळेच. गोकुळ हसला नाही, तो मशीनला टेकून खाली बसला. धम्मशीलाने त्याला पाणी द्यायचं म्हटलं तर माठच नव्हता. तिने आपल्या डब्याच्या पिशवीतली बाटली काढून दिली.

"घरी जाय," पंजाबराव त्याला म्हणाले. "ताटातले स्क्रू घेऊन ये." आणि धम्मशीलाकडे न बघता, "अन् तू कानस कायले धरून बसली? मशीन कोण पाहीन?"

शाबासकी म्हणायची तर एवढीच. तिला तेवढी चालली. स्क्रू येईपर्यंत तिने बॅटरी घेऊन मशीनचा प्रत्येक कोपरा तपासला, झेंडूच्या पाकळ्यासुद्धा वेचून काढल्या. जीभ बसली. उघड्या दरवाजाने बटण दाबलं, लाल दिवा लागला. मग दरवाजा लावून ती कामाला लागली. टेम्पो दुपारनंतर गेला. ड्रायव्हरने तोवर झोप काढली. नवा माठ पंजाबरावांनी स्वतः आणला.

टेबलाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या दसऱ्याला हळदकुंकू दरवाजाच्या काचेवर लागलं, बाहेरून. आत चक फिरला. गीताबाईंनी काचेतून पाहिलं आणि म्हणाल्या, "पावली." धम्मशीलाची ती तपासणी तर गोकुळही करू लागला, त्याची रात्रपाळी असली की. त्याला कोणी चिडवलं नाही.

कपडे धुवायची मशीन लगेच आली नाही. तिला वरून पाणी लागतं, म्हणून आधी छतावर टाकी झाली, मग टाकी भरायला मोटार. तोवर माझं काम सुटलं होतं. मशीन टेम्पोतून उतरवायला मी गेलो होतो. गोल काचेच्या दरवाजाची, पांढरी.

नळ जोडून झाल्यावर जनकाबाई पुढे आली. दरवाजा सताड उघडा ठेवला, बाजूला उभी राहिली आणि डाव्या हाताने बटण दाबलं. मशीन टूंटूं करत राहिली, फिरली नाही.

"पाय वं, नाई म्हणते," जनकाबाई लेकीला म्हणाली. "मंग चांगली हाये."

धम्मशीलाने कामावरचा तेलकट शर्ट आत टाकला. जनकाबाईने कोपराने दरवाजा लावला आणि या वेळी उजवा हात पुढे केला. त्या हाताला अंगठा तेवढा होता. बटणाला तो पुरला.