ढोल्याचं वजन

आठ दिवस मी काट्यावर हात दाबून कुत्र्याचं वजन केलं आणि तेच आकडे डॉक्टरांना कळवले.

काटा पार्सलचा होता. सिंदेवाहीजवळच्या एका लहानशा स्टेशनावर मी तेव्हा बुकिंग क्लार्क होतो. बोचक्याखाली कोणी उतारू पायाचा टेकू देतो का, हे पाहण्याचा मला पगार मिळायचा. उतारू वजन कमी दाखवायला चोरी करतात. मी जास्त दाखवायला केली. चोरीतही अक्कल नव्हती.

ढोल्या आमचा कुत्रा. पिलू असताना नुसतं पोटच होतं, म्हणून ढोल्या. वाघाच्या मुलखात बारा वर्षं टिकला, कारण दिवेलागणीला तो बायकोच्या खाटेखाली शिरायचा तो उजाडल्यावरच निघायचा. संध्याकाळची गाडी मात्र त्याने कधी चुकवली नाही. गार्डाच्या डब्यातली उरलेली पोळी त्याची असायची.

त्या उन्हाळ्यात तो बादलीभर पाणी पिऊ लागला. मी म्हटलं, ऊन आहे. मग उलट्या सुरू झाल्या आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. तेव्हा कुठे मी जागा झालो.

जनावरांचे डॉक्टर चांद्याला. एवढ्या उन्हात ढोल्याला गाडीत घालणं नको वाटलं. सकाळच्या गाडीच्या गार्डाकडे चिठ्ठी द्यायची, संध्याकाळच्या गाडीने उत्तर यायचं. डॉक्टरांनी विचारलं : पाणी किती पितो? हिरड्या लाल की पांढऱ्या? मी हिरड्या पाहायला गेलो आणि बोट चावून घेतलं. पांढऱ्या होत्या.

तिसऱ्या चिठ्ठीत निदान आलं. "क्रॉनिक नेफ्रायटिस. म्हणजे मूत्रपिंड झिजलं आहे, रक्तातलं विष बाहेर पडत नाही. बरा होणार नाही. औषध पाठवतो. रोज वजन करून कळवा. वजन टिकलं तर काही महिने निघतील. उतरू लागलं तर औषध थांबवायचं, उगीच छळायचं नाही."

बायकोला वाचून दाखवताना शेवटचं वाक्य मी गाळलं.

पहिल्या दिवशी चौदा शेर भरला. आमचा हमाल सोमाजी त्याला उचलून काट्यावर ठेवायचा, मी आकडा लिहायचो. दुसऱ्या दिवशी तेरा. मला वाटलं, काटा बिघडला. म्हणून तळहात जरासा टेकवला. चौदा. मी बरं वाटून घेतलं.

औषध कडू होतं. बायको जबडा धरायची, मी ओतायचो, तो ओकायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीची शिटी वाजली आणि ढोल्या बाकाखाली सरपटत गेला. बाटली याच गाडीने येते, हे त्याला कळलं होतं. गार्ड पोळी हातात घेऊन उभा राहिला.

"काऊन छळून राह्यले त्याले?" बायको म्हणाली.

"वजन टिकून आहे," मी म्हणालो. "टिकलं तर जगते म्हणते डाक्टर."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि पुन्हा जबडा धरला. माझ्या आकड्यावर तिचा विश्वास होता.

नवव्या दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी आली. "खाणं बंद, रोज उलट्या, आणि वजन तेवढंच. असं जनावर मी पाहिलेलं नाही. काटा तपासा. काटा ठीक असेल तर लिहिणाऱ्याला तपासा."

दुसऱ्या दिवशी मी हात काढला. नऊ शेर.

तेच लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं, रागाचा एक शब्द नाही. "औषध बंद करा. भरवू नका. पाणी मागेल तेवढंच द्या, ओल्या फडक्याने तोंड पुसा. सावलीत गोणपाटावर ठेवा, कूस बदलत राहा. सुई देऊन लवकर सोडवता येईल, पण त्यासाठी इथे आणावं लागेल आणि वाटेतले हाल त्याला झेपणार नाहीत. ओळखीचा हात अंगावर असू द्या. आता दुसरं काही नाही."

दोन दिवस बायकोचा हात होता. माझा हात पाहून तो तोंड फिरवायचा. माझ्या हातात बाटली असते, एवढंच त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तुमच्या घरी असं जनावर असेल तर एवढं ध्यानात ठेवा : लांबच्या डॉक्टरला जनावर दिसत नाही, तुमचं लिहिलेलं दिसतं. मी खरं लिहिलं असतं तरी ढोल्या वाचला नसता. फक्त आठ दिवस सुखाने पडून राहिला असता, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं असतं.

मालधक्क्यामागे मोहाखाली सोमाजीने खड्डा खणला. तिथे मी त्याला काट्यावरच्या हाताचं सांगून टाकलं. कुठेतरी सांगायला हवं होतं.

त्याने कुदळ थांबवली नाही.

"माईत होतं, बाबू. तुमच्या काट्यावर चौदा शेर, अन् माह्या हातात रिकामी टोपली. कुत्र्याले समजलं, मले समजलं. इथी शिकलेले तुमी एकटेच."