ह्यांच्या हाताचा गुण

लग्नाआधी दोन वर्षं मी बारामतीत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. सांगवीला सासरी आल्यावर ही गोष्ट सगळे विसरले, आणि खरं सांगायचं तर मीही आठवण करून दिली नाही.

तेव्हा घरोघरी क्रिप्टोचं बोलणं चाललेलं. आमच्या ह्यांनी आणि इंदापूरच्या त्यांच्या मित्रानं मिळून पुण्यातल्या एका बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतून बारा जुनी ग्राफिक्स कार्डं आणली. सहा मित्राची, सहा आमची. आमची सहा खताच्या खोलीत एका लोखंडी रॅकवर बसली आणि दिवसभर घोंघावू लागली.

सासऱ्यांनी दारातून विचारलं, "हे करतंय काय?"

"गणितं सोडवतंय, आबा."

"कुणाची?"

ह्यांनी मोबाइलवर नाण्याचा भाव दाखवला: गणितं सुटली की ते क्रिप्टोचं नाणं मिळतं, मायनिंग म्हणजे हेच.

कार्डाची मेमरी एक काम झालं की दुसरं धरायच्या आधी इवलीशी थांबते. ते थांबणं कमी केलं की तेवढ्याच विजेत जास्त गणितं होतात. त्यालाच टायमिंग म्हणतात. ह्यांनी कुठल्याशा व्हिडिओतले आकडे उतरवून घेतले आणि सहाही कार्डांना तेच घातले. तासाभरात मशीन अडकलं. परत चालू केलं, परत अडकलं. आठवडाभर तेच. मला दिसत होतं चूक कुठं आहे ते. जुनी कार्डं, प्रत्येकाची मेमरी वेगळ्या कंपनीची. सगळ्यांना एकाच मापाचा सदरा कसा बसेल? पण मला कुणी विचारलं नव्हतं.

एके दुपारी हे ऊस घेऊन कारखान्यावर गेले, तशी मी मेथीची जुडी घेऊन त्या खोलीत जाऊन बसले. एका वेळी एकाच कार्डाचा एकच आकडा बदलायचा, मेथी निवडत वाट बघायची, चुका आल्या तर मागं यायचं. रिफ्रेशचा आकडा सगळ्यात नाजूक. मेमरीला मधूनमधून आपलंच धरलेलं पुन्हा घोकावं लागतं. घोकण्यात अंतर वाढवलं तर काम जास्त होतं, पण कार्ड तापलं की ते लवकर विसरतं. मधली दोन कार्डं सगळ्यात गरम, म्हणून त्यांना जरा सैल सोडलं. तीन दुपारी गेल्या त्यात. चौथ्या दिवशी मशीन एकदाही अडकलं नाही.

नेमका त्याच सकाळी ह्यांनी पंखा फिरवून उत्तरेकडं तोंड करून ठेवला होता.

"बघ," हे जेवताना म्हणाले, "हवेची दिशा चुकत होती."

मी आमटी वाढली. सांगितलं असतं तर मजा संपली असती.

पुढं मला चटकच लागली. ह्यांनी गंमत म्हणून दाराला लिंबू-मिरची बांधली, त्या दिवशी मी मुद्दाम दोन कार्डांचे आकडे आणखी घट्ट केले. वेग वाढला. तेव्हापासून त्या लिंबाला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. एकदा ह्यांनी माझ्या भाकरीला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार नंबरचं कार्ड दुपारभर बंद पडलं. ह्यांनी लिंबू बदललं.

ह्यांच्या हाताला गुण आहे, असं इंदापूरपर्यंत झालं. मित्राची सहापैकी तीनच कार्डं धड चालायची. त्याचा रोज फोन. हे दोनदा जाऊन पंखा उत्तरेला करून आले, लिंबूही बांधून आले. फरक शून्य. शेवटी तो म्हणाला, "न्हाय जमत, भाऊ. विकून टाकतो." तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. माझ्या गमतीपायी त्याचं नुकसान होत होतं.

एका रविवारी त्यांच्याकडं जेवायला गेलो. पुरुष पानावर बसले तसं, हात धुऊन येते म्हणून मी मशीनच्या खोलीत शिरले. कुठल्या कंपनीच्या मेमरीला कुठले आकडे, हे आता मला पाठ होतं. दोन कार्डं झाली असतील, तर मागं मित्राची आई उभी.

"काय करतीस गं हितं?"

"पुसतीय, मावशी."

"बटणं दाबून पुसत्यात व्हय?"

मी खरं ते सांगून टाकलं. मावशी स्टूल ओढून दारात बसल्या. "कर तू. कुणी आलं तर मी खोकते."

त्या खोकल्या, चांगल्या जोरात खोकल्या. पण हे आणि मित्र त्यांना पाणी द्यायलाच धावत आले. पडद्यावर आकड्यांची खिडकी उघडी, समोर मी.

ह्यांनी पडदा पाहिला, मग मला. चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"चार नंबर त्या दिवशी का बंद पडला हुता?"

"भाकरीला नाव ठेवलं म्हणून."

मित्र भिंतीला टेकून हसायला लागला. मावशी म्हणाल्या, "उरलेली चार कर आधी, मग हसा."

परतताना वाटेतलं लासुर्णे गाव मागं पडलं. मी धास्तावले होते. मग हे रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "ते रिफ्रेश म्हंजे नेमकं काय असतं?" घर येईपर्यंत मी सांगत होते. आठ दिवसांत हे माझ्याशीच आकड्यांवरून भांडायला लागले, आणि एकदा तर त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बरा निघाला.

पुढं त्या नाण्याची पद्धतच बदलली आणि त्याचं मायनिंग जगभरातच बंद झालं. आमची पाच कार्डं लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एकानं नेली. सहावं घरच्या कॉम्प्युटरला लावलंय. त्याचं टायमिंग मी कंपनीचं होतं तसं करून ठेवलं आहे. तरी ते हल्ली जरा जास्तच वेगात चालतं, आणि विचारलं की हे पेपर तोंडापुढं धरतात.