लेकीच्या सासऱ्याची पाखरं

पाखरांपायी घरदार विसरलेला माणूस अख्ख्या लोहा तालुक्यात एकच, आणि नशीब असं की तोच माझ्या लेकीचा सासरा. मुलीकडच्यानं व्याह्याला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही, म्हणून मला हे सगळं बघावं लागलं.

ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. सगळा गाव गोफणी घेऊन शेतातल्या माळ्यावर चढतो, आमचे व्याही दुर्बीण घेऊन चढतात. "काय गुलाबी अंग हाय," म्हणत आपलंच पीक खाणारी पाखरं दुपारपर्यंत बघत बसतात. एकदा खालून विहीणबाई म्हणाल्या, "ज्वारी किती उरली तेबी दिसतं का त्यातून?" व्याही म्हणाले, "हळू बोल. जेवून राहिलीत." पाखरांनी बुजू नये म्हणून त्यांनी मातीच्या रंगाचा सदरा शिवून घेतला. पाखरं अजून उडतातच, पण एसटीच्या ड्रायव्हरला ते दिसेनासे झाले. फाट्यावर हात करत राहतात आणि गाडी निघून जाते. तळ्यावर सोबतच्यानं श्वाससुद्धा हळू घ्यायचा. स्वतः मात्र असे खोकतात की पलीकडच्या टेकडीवरची टिटवी उठते, आणि वर मलाच म्हणतात, "पाव्हणं, जरा दमानं."

माझी बायको दिवाळीनंतर गेली. मी बाज धरली. धड जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. लेक येऊन रडून गेली, तरी उठलो नाही. माघातल्या एका सकाळी व्याही दारात उभे. "चला, तळ्यावर चक्रवाक आलेत. थंडी सरली की जातील." बसा म्हटलं तर बसेनात. व्याह्याला दारात ताटकळत ठेवायचं कसं? मनातल्या मनात शिव्या दिल्या आणि चपला घातल्या. मग ते रोजच येऊ लागले. मी मुकाट मागं चालायचो.

एके दिवशी बांधावरच्या बाभळीला दुर्बीण लावून बसले ते बसलेच. "बगळा हाय. लई शांत जीव." मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, खताची फाटकी पिशवी अडकली होती. ती फडफडली की म्हणायचे, "पंख वाळवून राहिला." ऊन चढलं, माझी कंबर धरली. सोयरीक गेली खड्ड्यात म्हटलं आणि बोललोच, "पाव्हणं, पिशवी हाय ती. आंधळे झालात का?"

व्याह्यांनी दुर्बीण खाली घेतली. रागावले नाहीत. "बरं झालं बोललात. मला वाटलं, तुमचं तोंड उघडायला उन्हाळा लागतो का काय." फडक्यातली भाकर सोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. त्यांना खरंच बगळा दिसला होता का, ते मी अजून विचारलेलं नाही.

हसतच घरी आलो. उंबऱ्यातूनच म्हणालो, "अगं, ऐकलं का, आज व्याह्यांनी..." आत कोण होतं? चपला काढून आत गेलो. मग चुलीपुढं बसलो आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. ती असती तर मधेच म्हणाली असती, "व्याह्याला असं बोलायचं असतंय का?"