‘थांबा’ म्हणायची शाळा

“बोल की गं! मूग गिळलेस का? पेशंट निळा पडतोय आणि तू पालीसारखी भिंतीला चिकटलीस.”

“थांबा... मॅडम.”

“शेळीच्या करडालाही याहून मोठा आवाज असतो. परत!”

ऑपरेशन थिएटर रिकामं. टेबलावर रबरी पुतळा, भिंतीशी नवी शिकाऊ डॉक्टर. ओरडणारी भूलतज्ज्ञ, सगळं हॉस्पिटल तिला झोपबाई म्हणायचं. नवरा म्हणायचा, “नाव झोपबाई, आणि घरात कुणाला डोळा लावू देईल तर शपथ.”

ट्रक ड्रायव्हरची ही लेक भूल देता देता शिकवायला लागली, विभागाची प्रमुख झाली. माणसं कशी सांभाळायची हे शिकायला बाहेरचे मोठे डॉक्टर तिच्याकडे यायचे. त्यांना ती एकच विचारायची, “तुमच्या हाताखालचा सगळ्यात धाकटा तुम्हाला अडवतो का?” म्हणून नव्या शिकाऊ डॉक्टरला ती सुई धरण्याआधी मॅडमवरच ओरडायला शिकवायची.

त्याच सकाळी एक गवंडी टेबलावर आला. पित्ताशय काढायचं होतं. मान आखूड, रेड्यासारखी. भूल चढली, औषधानं ठरल्याप्रमाणे त्याचा श्वास थांबला. बाईनं घशातून श्वासनळीसाठी नळी घातली. “बसली.”

शिकाऊ पोरगी हवेचा फुगा दाबू लागली. छाती हलेना, पोट मात्र वर येतंय. मॉनिटरवरची श्वासाची रेघ सपाट.

“मशीनची नाटकं रोजचीच,” सर्जन म्हणाला. “सुरू करू?”

बाईनं छातीला स्टेथोस्कोप लावला. “येतोय आवाज.”

मॉनिटरची टिकटिक जड होत खाली उतरली, रक्तातला प्राणवायू घटत होता. गवंड्याचे ओठ काळवंडले. पोरीनं आणखी दोनदा फुगा दाबून पाहिला. जिनं शिकवलं, तिलाच चुकलात म्हणायचं?

“थांबा!” आवाज चिरकला. “मॅडम, नळी अन्ननळीत आहे. काढा!”

बाईनं रेघेकडं पाहिलं आणि नळी उपसली. मास्क दाबून धरला. “दाब फुगा.” पोरगी फुगा दाबत राहिली. टिकटिक रखडली, मग एकेक पायरी वर चढू लागली. बाईनं गवंड्याच्या खांद्याखाली उशी सरकवली, पुन्हा नळी घातली, आणि या वेळी ‘बसली’ म्हणालीच नाही. पोरीकडं बघत राहिली.

“रेघ उठली, मॅडम. छातीही हलतेय.”

सर्जननं श्वास सोडला. “झोपबाई, आज पोरीनं तुमचा कान धरला की!”

“धरायलाच शिकवलाय. तुमचाही धरेल, जपून राहा.”

मग पोरीकडं वळून म्हणाली, “उशीर केलास. आणि आवाज अजून करडाचाच आहे. उद्या परत.”

कपाळाचा घाम बाहीला पुसून तिनं नळीची पट्टी घट्ट चिकटवली.

“हं, सर्जनसाहेब. आता सुरू करा.”